कपाटाची चावी आणि पोर्टलचा पासवर्ड

बीबी हे लोणार तालुक्यातले, मेहकर-सिंदखेडराजा रस्त्यावरचे गाव. शाळा, पोलीस ठाणे आणि ग्रामीण रुग्णालय इथे असल्याने आसपासच्या खेड्यांतले लोक कागदासाठी किंवा औषधासाठी इथेच येतात. या भागात माणूस जन्मला, शाळेत गेला, आजारी पडला, मेला, याची नोंद कोणी ठेवली आणि ती कोणाच्या ताब्यात राहिली, हा इतिहास मला सांगायचा आहे. मी जिल्हा परिषदेचा निवृत्त मुख्याध्यापक. माझी पत्नी आरोग्यसेविका होती. तिची सारी नोकरी उपकेंद्रांवर गेली. महिनाअखेर आली की आमच्या घरात जेवणे आटोपल्यावर एका भिंतीशी शाळेची रजिस्टरे उघडत आणि दुसऱ्या भिंतीशी उपकेंद्राची. हल्ली शाळेतल्या डिजिटल सुरक्षेवर प्रशिक्षणे होतात, दवाखान्यातल्या सेवेच्या दर्जावर वेगळी होतात. आम्हा दोघांना हे दोन विषय कधी वेगळे वाटले नाहीत. नोंद खरी असावी आणि ती कोणाच्या हातात आहे हे गावाला माहीत असावे, एवढ्यावरच दोन्ही उभे आहेत.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला आणि १८६७ पासून आपला जिल्हा बुलढाणा या नावाने ओळखला जाऊ लागला. इंग्रजांना जमिनीइतकीच माणसांची मोजदाद हवी होती. गावात जन्म झाला, मृत्यू झाला, की त्याची खबर देण्याचे काम कोतवालासारख्या गावच्या चाकरांवर आले. ती खबर ज्या वहीत उतरे, तिला विदर्भात आजही कोतवाल बुक म्हणतात आणि तहसीलमध्ये तिची नक्कल मागणाऱ्यांची रांग अजून असते. या नोंदींत बाळाचे नाव बहुधा नसते. बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख, इतकेच. बारसे व्हायच्या आधीच नोंद होऊन जायची, मग नाव येणार कुठून?

मृत्यूच्या कारणाचा रकाना त्याहून बोलका आहे. बहुतेक ठिकाणी एकच शब्द: ताप. हिवताप, विषमज्वर, क्षय, बाळंतरोग, सगळे त्या एका शब्दात जमा. खबर देणारा वैद्य नव्हता; अंग तापले आणि माणूस गेला एवढेच त्याला दिसले. इंग्रज आरोग्य अधिकारीच आपल्या अहवालांत तक्रार करत की तापाच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने मध्य प्रांत आणि वऱ्हाडात अतोनात माणसे मारली, पण वह्यांत तीही बरीचशी तापाचीच माणसे म्हणून गेली. पाहिले ते नीट लिहायला माणूस शिकलेला हवा आणि त्याला वेळ हवा. ही उणीव शंभर वर्षांपूर्वीची आहे आणि पुढे संगणक आला तेव्हा ती सोबत आली.

या जुन्या वह्यांना २०२३ मध्ये दुसरा जन्म मिळाला. मराठा आरक्षणाच्या मागणीतून कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि राज्यभर तहसील, शाळा, भूमी अभिलेख यांच्या कपाटांची धूळ झटकली गेली. ५० लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचे सरकारने सांगितले. पाने स्कॅन झाली, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. ज्या रकान्याकडे शतकभर कोणी पाहिले नव्हते, तो रकाना घरोघरच्या मोबाइलवर उघडला. मला त्यात आनंद वाटला, कारण गरिबाला कागदासाठी हेलपाटे घालावे लागले नाहीत. पण एका घराची जात, मृत्यू, जन्म जगाला दिसावे का, हा प्रश्न त्या गर्दीत कोणी विचारलेला मी ऐकला नाही.

शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर ही माझी जागा, म्हणून इथे थोडा थांबतो. नव्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर मुख्याध्यापक लिहून देतो: यात अमुक इतकी पाने आहेत, सही, शिक्का. एक पान कमी झाले तर जबाब द्यावा लागतो. खाडाखोड चालत नाही. नाव, जात, जन्मतारीख बदलायची तर शिक्षणाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि तो आदेश क्रमांकासह लाल शाईत लिहावा लागतो, जुने अक्षर वाचता येईल असे. बदली झाली की चार्ज यादी होते. त्यात पहिला क्रमांक याच रजिस्टरचा, मग बाकीचे सामान. माझ्या आधीचे एक मुख्याध्यापक लोखंडी कपाटाची चावी कडदोऱ्याला बांधत. आम्ही तरुण शिक्षक हसायचो. पण गावातल्या कोणालाही विचारा, दाखल-खारीज कोणाकडे आहे, तो बोट दाखवून सांगत असे.

त्या रजिस्टरने खोटेही लिहिले, हे लपवण्यात अर्थ नाही. आमच्या पिढीत निम्म्या वर्गाचा जन्म १ जूनचा आहे. बाप पोराला घेऊन येई, पोराचा हात डोक्यावरून दुसऱ्या कानाला पोचतो का ते गुरुजी पाहत, आणि जूनमध्ये सहा वर्षे भरतील अशी तारीख टाकून देत. मायला विचारले तर ती सांगे, "पोळ्याच्या आंदी झाला, त्या साली पानी लय होतं." कोतवाल बुकात खरी तारीख असे, पण ती आणायला तालुक्याला कोण जाणार? नंतर आधार आले आणि या एक जूनच्या तारखांनी लोकांना छळले. "गुरुजी, आधारवर येगळी तारीख हाये, टीशीवर येगळी," असे म्हणत पन्नाशीचा माणूस शाळेच्या दारात उभा राहायचा. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा आल्यावर गावपातळीवर ग्रामसेवक निबंधक झाला आणि हे हळूहळू कमी झाले. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या त्या कायद्यातल्या दुरुस्तीने, त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्माचा दाखला हाच शाळाप्रवेशापासून पुढच्या कामांचा आधार ठरला. एक जूनची पिढी आता निवृत्त होते आहे.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावची शाळा व गावचा दवाखाना एकाच घरचे झाले. मास्तर आणि नर्सबाई एकाच कचेरीत पगाराची वाट पाहू लागले. माझी पत्नी सांगते, लसीकरणाच्या कार्डाचे दोन भाग असत. एक आईकडे, दुसरा उपकेंद्रात. उपकेंद्रातला भाग कापडी पिशवीच्या कप्प्यात ठेवायचा. भिंतीवर टांगलेल्या त्या पिशवीला बारा महिन्यांचे बारा कप्पे. ज्या महिन्यात पुढची लस, त्या कप्प्यात कार्ड. महिना संपला आणि कप्प्यात कार्ड उरले, तर ते बाळ राहिले. दुसऱ्या दिवशी त्या घरी जायचे. वीज नको, नेटवर्क नको, पासवर्ड नको. माहिती तंत्रज्ञानाचा इतका शहाणा वापर मी नंतर क्वचित पाहिला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने आरोग्यदूतांच्या मदतीने घरोघर नवजात बाळांची काळजी घेतली. १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे मांडले. त्या कामाच्या मुळाशीही हातांनी लिहिलेल्या नोंदी होत्या, बाळाचे वजन, श्वास, ताप. आमच्या शेजारच्या सिंदखेडराजाच्या जिजाऊंचे नाव २००५ मध्ये राज्याच्या माता-बाल पोषण मिशनला दिले गेले, त्याही कामात बाळ तोलणे आणि लिहिणे हीच पहिली पायरी होती.

मग कागदावरून पडद्यावर जायची घाई का झाली? शाळेपुरते उत्तर एका तारखेत आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यातल्या सगळ्या शाळांची पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मतदानासारखी बोटाला शाई लावली गेली. सुमारे २० लाख मुले पटावर होती, वर्गात नव्हती. त्यांच्या नावाने शिक्षकांची पदे होती, तांदूळ उचलला जात होता, अनुदान येत होते. शिक्षक म्हणून त्या आकड्याची लाज आम्हा सगळ्यांना वाटली. कपाटाला चावी होती, पण चावीवाल्यांनीच घर लुटले होते. त्यामुळे २०१५ मध्ये 'सरल' ही ऑनलाइन प्रणाली आली तेव्हा मी तिच्या बाजूने होतो आणि आजही आहे. एका मुलाची नोंद एकदाच, आधारशी जोडून. शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता त्यावर, पोषण आहार त्यावर.

पण ती भरली कशी गेली ते सांगायला हवे. दिवसा सर्व्हर चालत नसे. रात्री बारानंतर शिक्षक जागायचे. कित्येक शाळांत संगणक नव्हता, होता तिथे वीज बिल थकल्याने मीटर काढून नेलेले. तेव्हा लोक वर्गणी काढून शाळा डिजिटल करत होते. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या शाळेचे नाव राज्यभर झाले होते आणि आमच्याकडेही पडदा आणि प्रोजेक्टर गावाच्या पैशांतून आले होते. माहिती भरायला मात्र शिक्षक तालुक्याच्या नेट कॅफेत जात. मुलांची नावे, आईचे नाव, जात, आधार, बँक खाते, वडिलांचा मोबाइल, हे सगळे वहीत लिहून शाळेच्या यूजर आयडी आणि पासवर्डसह कॅफेवाल्याच्या हवाली होई. तो मुलगा प्रामाणिक असेल, नसेल. ज्या रजिस्टरचे एक पान हरवले तर जबाब द्यावा लागे, तेच रजिस्टर आता तीस रुपयांत परक्या संगणकावर उघडे राहू लागले. काही वर्षांनी दहावीच्या पालकांना निकालाआधीच खासगी क्लासचे फोन येऊ लागले. मुलीचे नाव, शाळा, माध्यम, सगळे पलीकडच्याला पाठ. "तुमीच देल्लं असन," असे एक बाप मला म्हणाला. शाळेकडून काय कुठे गेले हे त्याला दाखवता येईल अशी एकही वही माझ्याजवळ नव्हती.

दवाखान्याकडेही तेच. २००९ नंतर गरोदर माता आणि बाळांची ऑनलाइन नोंद सुरू झाली, २०१२ मध्ये क्षयरुग्णांसाठी 'निक्षय' आले. त्यांचे फायदे मी उपकेंद्राच्या ओट्यावरून पाहिले. क्षयाचा रुग्ण उसाच्या टोळीबरोबर दूर गेला तरी त्याचा औषधोपचार तिकडे जोडता येऊ लागला. २०१८ पासून महिन्याला पोषणाचे पाचशे रुपये थेट त्याच्या खात्यात येऊ लागले, पुढे ते हजार झाले. २०१४ पासून १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. पण सिस्टरचे काम दुप्पट झाले. आधी कागदावर लिहायचे, मग पडद्यावर. अंगणवाडीताईंना दिलेले मोबाइल मंद होते आणि पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत. २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते मोबाइल सरकारला परत केले. त्या आंदोलनाला कामचुकारपणा म्हणणाऱ्यांनी एकदा इंग्रजीतल्या यादीतून बाळाचा आजार निवडून पाहावा. हाताला जे पहिले लागते तेच निवडले जाते. कोतवालाचा 'ताप' असा परत येतो.

करोनात 'शाळा बंद, शिक्षण सुरू' झाले आणि घरातला एकुलता फोन पोराच्या हाती गेला. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे खरे तर आयांच्या नंबरांची यादी. गृहपाठाचा फोटो, मुलीचा फोटो, कवितेचा व्हिडिओ, सगळे त्यात. आमच्या भागातल्या एका मुलीचा फोटो ग्रुपमधून उचलून कोणीतरी बदलून फिरवला. घरच्यांनी तिची शाळा बंद करायचे ठरवले. तिच्या आजीने ते होऊ दिले नाही. "चूक त्या फोटो काढनाऱ्याची, पोरगी कामून घरी बसन?" असे ती पंचांसमोर म्हणाली. पोलिसांत तक्रार झाली, मुलगी पुढे शिकली. डिजिटल सुरक्षेवर मी ऐकलेल्या सगळ्या भाषणांत मला त्या आजीचे वाक्य सर्वांत खरे वाटते. मुलींच्या हातातून फोन काढून घेणे ही सुरक्षा नाही. तशाने फोटो चोरणारा मोकळाच राहतो.

व्हॉट्सॲपवरची अफवा माणसे मारते हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाहिले. मुले पळवणारी टोळी म्हणून भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना गावाने ठेचून मारले. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात लोकांचे केस अचानक गळू लागले तेव्हा तपासणी पथके येण्याआधी मोबाइलवर उपाय येऊन पोचले होते. खेड्यातले लोक भोळे म्हणून हे होते असे मी मानत नाही. खरी माहिती देणारा माणूस उशिरा बोलतो म्हणून होते.

आता बीबीची रात्र. २० फेब्रुवारी २०२४, एकादशी. लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात सप्ताहात भगर-आमटीचा प्रसाद झाला आणि रात्री माणसे उलट्या करू लागली. बाया, म्हातारे, लेकरे, शेकड्यांनी बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात आणले गेले. ग्रामीण रुग्णालय म्हणजे तीस खाटा. आवारात माणसे जमिनीवर झोपवली, झाडांना दोर बांधले आणि दोरांना सलाइनच्या बाटल्या अडकवल्या. खासगी डॉक्टरही धावून आले. दुसऱ्या दिवशी ते दोर आणि त्या बाटल्या देशभर दिसल्या. मला त्या फोटोंबद्दल दोन गोष्टी वाटतात आणि दोन्ही तितक्याच जोराने. ते बाहेर आले म्हणून तीस खाटांचे रुग्णालय किती गावांना पुरणार, हा प्रश्न मुंबईपर्यंत गेला. आणि त्याच फोटोंत अंगावरचे लुगडे न सावरता पडलेल्या आयाबाया होत्या, ज्यांना कोणी विचारले नव्हते. दोर दाखवता आला असता, चेहरा झाकता आला असता. आजारी माणसाची लाज राखणे हाही सेवेचा दर्जा आहे. जुन्या काळी आमच्या घरात माझी पत्नी रजिस्टर मिटून ठेवायची, कोणत्या घरात कोणाचा गर्भ पडला हे मलाही कधी कळले नाही.

यंत्रणा कोलमडणे आणि लोकांची माहिती उघडी पडणे फक्त खेड्यात घडते असे नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्याने बंद पडले आणि देशातले एवढे मोठे रुग्णालय काही दिवस हाताने चिठ्ठ्या लिहीत बसले. जानेवारी २०२३ मध्ये शालेय शिक्षणाच्या 'दीक्षा' ॲपच्या एका असुरक्षित सर्व्हरवर दहा लाखांवर शिक्षकांची माहिती उघडी राहिल्याची बातमी आली. त्याच वर्षी जूनमध्ये मोबाइल नंबर टाकला की करोना लसीकरणाची माहिती दाखवणारा टेलिग्राम बॉट गाजला. को-विन हे त्या लसीकरणाचे पोर्टल सुरक्षित असल्याचे सरकारने सांगितले.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेला लैंगिक अत्याचार उघड झाला. २१ ऑगस्टला शासन निर्णय निघाला: महिनाभरात सीसीटीव्ही, तक्रार पेटी, सखी सावित्री समिती. कॅमेरे हवेतच. पण कॅमेरा म्हणजे आणखी एक रजिस्टर, लहान मुलांच्या चेहऱ्यांचे. ते चित्रण किती दिवस ठेवायचे, कोणी पाहायचे, पाहिल्याची नोंद कुठे, कॅमेरा बसवणाऱ्या माणसाच्या फोनवर ते दिसते का? आमच्या दाखल-खारीजला हे सगळे नियम होते. वैयक्तिक माहितीच्या, म्हणजे विदेच्या, संरक्षणाचा २०२३ चा कायदा म्हणतो की १८ वर्षांखालील मुलाची माहिती वापरायची तर पालकाची पडताळता येईल अशी संमती हवी. कायदा दिल्लीत झाला, त्याची चार्ज यादी शाळेतच व्हायला हवी.

म्हणून बीबीच्या आणि आसपासच्या गावांतल्या पालकांना, शिक्षकांना आणि सिस्टरांना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या ग्रामसभेत शाळेच्या आणि दवाखान्याच्या प्रत्येक लॉगिनची यादी मागा आणि प्रत्येकासमोर एका माणसाचे नाव लिहून घ्या. बदली झाली की चार्ज यादीत पासवर्ड बदलल्याची सही असू द्या. वर्गाच्या ग्रुपवर लेकरांचे फोटो टाकणे थांबवा आणि दवाखान्याच्या आवारात कोणी फोन उचलला तर त्याला थांबवा. शाळेच्या भिंतीवर बालकांसाठी १०९८ आणि सायबर फसवणुकीसाठी १९३० हे दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत रंगवा. रंगाचा खर्च करायला गावात कोणी नसेल तर मला सांगा, मी देतो.